लेख की व्हिडिओ? सायकल दुरुस्तीच्या एका ब्लॉगचं प्रकरण

सायकल दुरुस्तीवरचा एक लेखी ब्लॉग. साठ लेख, चालवणारा माणूस एकटा, आणि नोकरी सांभाळून त्याला आठवड्याला मिळतात आठ तास. पंक्चर काढण्यापासून हायड्रॉलिक ब्रेकमधली हवा काढण्यापर्यंत बहुतेक कामं लेखांत फोटोंसकट आली आहेत. मागच्या गिअरच्या लेखाबद्दल मात्र वाचकांची एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते: वाचताना सगळं कळतं, सायकलीसमोर बसलं की जमत नाही. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला: आता वाचतंय कोण, सरळ व्हिडिओ कर.

हे नमुन्याचं प्रकरण आहे. लेखांची संख्या आणि कामाचे तास हिशोबासाठी धरलेले आहेत. सायकलीचे आणि व्हिडिओचे तांत्रिक आकडे मात्र प्रत्यक्षातले आहेत.

सल्ला ऐकावा का? साठपैकी सहा लेखांपुरता ऐकावा. बाकीच्यांना व्हिडिओचा फारसा फायदा नाही, आणि काहींचं त्याने नुकसानच होईल. हा सहाचा आकडा कसा निघाला आणि त्यातला पहिला व्हिडिओ प्रत्यक्ष कसा करायचा, ते पुढे.

गिअरचा लेख नेमका कुठे अडतो

लेख १४०० शब्दांचा आहे, फोटो नऊ. विषय मागचा डिरेलर, म्हणजे चेनला मागच्या चाकावरच्या एका दातेरी चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, जुळवण्याचा. यात हात लावायच्या जागा मोजक्या आहेत. एच लिहिलेला लिमिट स्क्रू चेनला सगळ्यात लहान चकतीच्या बाहेर पडू देत नाही. एल लिहिलेला स्क्रू तिला सगळ्यात मोठ्या चकतीपलीकडे स्पोकमध्ये जाऊ देत नाही. बी स्क्रू डिरेलरमधली वरची पुली (चेन जिच्यावरून फिरते ते छोटं चाक) आणि मोठी चकती यांच्यातलं अंतर ठरवतो. आणि बॅरल ॲडजस्टरने, म्हणजे केबल जिच्यातून जाते त्या फिरवायच्या छोट्या नळीने, केबलचा ताण कमी-जास्त होतो.

लिमिट स्क्रूपर्यंत वाचक बिनघोर पोचतो, कारण तिथे फोटो पुरतो: पुली चकतीच्या बरोबर खाली, एका रेषेत आली की झालं. खरी अडचण बॅरलपाशी. लेखात वाक्य आहे, ‘चेन मोठ्या चकतीवर चढायला अडखळत असेल तर बॅरल पाव ते अर्धा फेरा उलटा फिरवा.’ या एका वाक्यात दोन खड्डे आहेत. पहिला, उलटा म्हणजे कुठून पाहून उलटा? केबल ज्या टोकातून बॅरलमध्ये शिरते, त्या टोकाकडून पाहून घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने. सायकलीच्या बाजूला बसलेल्या माणसाला हे डोक्यात वळवून घ्यावं लागतं, आणि निम्मे लोक तिथेच चुकतात. हा खड्डा वाक्य नीट लिहून बुजवता येतो.

दुसरा मात्र लिहून बुजत नाही. ‘अडखळणं’ म्हणजे काय? शिफ्टरचा खटका दाबला, क्रँक (पेडलचा दांडा) जवळजवळ पूर्ण फेरा फिरला आणि चेन अजून जुन्याच चकतीवर कुरकुरते आहे, तर ते अडखळणं. खटक्याबरोबर ती लगेच चढून गप्प झाली, तर जुळलं. हा फरक वेळेचा आणि आवाजाचा आहे. फोटोत दोन्ही नसतात. नऊच्या जागी एकोणीस फोटो लावले तरी नसतील. इथे व्हिडिओ जिंकतो, वाद नको.

पण त्याच लेखाचा दुसरा भाग पाहा. गिअर नीट बसत नसेल तर आधी चेनची झीज तपासा, असं तिथे म्हटलंय. नवी चेन दर अर्ध्या इंचाला एक पिन अशी असते, म्हणजे २४ अंतरांची लांबी बरोबर १२ इंच, ३०४.८ मिमी. ११ आणि १२ गिअरच्या चेनला ०.५ टक्के वाढ झाली की बदलायची, म्हणजे सुमारे ३०६.३ मिमी. १० किंवा त्याहून कमी गिअरला ०.७५ टक्के चालते, ३०७.१ मिमी. मोजपट्टी हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला यातला एक आकडा हवा असतो. लेखात तो पाच सेकंदांत सापडतो. व्हिडिओत त्याच आकड्यासाठी ग्रीस लागलेल्या बोटाने व्हिडिओखालची पट्टी पुढे-मागे ओढत बसावं लागतं.

या प्रकरणातली कळीची गोष्ट इथे दिसते. दुरुस्ती शिकणारा माणूस एकाच मजकुराकडे दोनदा येतो. पहिल्या फेरीत तो सायकलीपासून लांब असतो, आरामात बसून काम कसं होतं ते अथपासून इतिपर्यंत पाहतो. दुसऱ्या फेरीत सायकल स्टँडवर चढलेली असते, हात काळे झालेले असतात आणि एकच अडलेली गोष्ट हवी असते. पहिल्या फेरीला व्हिडिओ बरा, दुसऱ्या फेरीला लेख. ‘कोण वाचतंय’ म्हणणाऱ्यांच्या नजरेसमोर फक्त पहिली फेरी असते. दुरुस्तीच्या विषयात दुसरी फेरी पुन्हा पुन्हा होते, कारण गिअर जुळवणं हे रोजचं काम नाही. दोन वेळांमध्ये माणूस अर्धं विसरलेला असतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा कुणी बोलत नाही. दुरुस्तीला फाटे फुटतात. खटका दाबला आणि चेन चढली नाही, तर कारण केबलचा ताण असेल, केबल कव्हरमध्ये अडकत असेल, चेन झिजली असेल किंवा डिरेलर ज्या हँगरवर बसतो तो वाकला असेल. हँगर वाकलेला असताना कितीही वेळ बॅरल फिरवा, दोन गिअर जुळतील आणि तिसरा बिघडेल. लेखात ‘लक्षण, कारण, उपाय’ अशी तीन रकान्यांची तक्ता-पट्टी वर टाकता येते आणि वाचक आपल्या फाट्याला वळतो. व्हिडिओ एका रेषेत पळतो. बघणारा थेट तिसऱ्या मिनिटाला, बॅरलवर, उडी मारतो आणि हँगर तपासायचा पहिला भाग त्याच्या नजरेतूनच सुटतो.

साठ लेखांची चाळणी

प्रत्येक लेखाला तीन प्रश्न विचारायचे. काम बरोबर झालं हे वेळेवरून, हालचालीवरून किंवा आवाजावरून कळतं का? त्यातले आकडे किंवा भाग वरचेवर बदलतात का? आणि वाचक दुसऱ्यांदा येतो तेव्हा त्याला काय हवं असतं?

पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ असे लेख साठात सहा निघाले: मागचा गिअर, पुढचा गिअर, चाकाची आऊट काढणं (वाकडं फिरणारं चाक सरळ करणं), घट्ट टायर रिमवर चढवणं, हब (चाकाचा मधला भाग) किंवा हेडसेटचा (हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगचा) खेळ, म्हणजे ढिलेपणा, तपासणं आणि हायड्रॉलिक ब्रेकमधली हवा काढणं. आऊट काढण्याचं उदाहरण बोलकं आहे. निपल (स्पोकच्या टोकाचा, ताण कमी-जास्त करणारा नट) पाव फेरा फिरवा हे लिहिता येतं, पण चाक फिरताना रिम खुणेला कुठे टेकतो आणि फिरवल्यावर तो टेकणं कसं ओसरतं, हे बघायचीच गोष्ट आहे. हबचा खेळ तर बोटाला जाणवतो. व्हिडिओतही तो पूर्ण पोचत नाही, फक्त बोट कुठे ठेवायचं ते कळतं.

सुमारे वीस लेख निव्वळ मजकुराचे: टॉर्कचे (बोल्ट किती जोराने आवळायचा याचे) आकडे, कुठल्या गिअरला कुठली चेन, टायर आणि रिमच्या रुंदीचा मेळ, कुठल्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल आणि कुठल्यात डॉट फ्लुइड. या शेवटच्या लेखात गफलत चालत नाही, कारण चुकीच्या द्रवाने ब्रेकची सीलं फुगून निकामी होतात. अशा लेखांचा व्हिडिओ म्हणजे कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवलेला तक्ता. करू नये.

उरलेल्या चौतीसांना ना पूर्ण व्हिडिओ लागतो, ना निव्वळ मजकूर पुरतो. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो आणि ते सुटायला कुठल्या दिशेला फिरवायचं, एवढ्यासाठी पाच मिनिटांचा व्हिडिओ कशाला? लेखातच, त्या वाक्याच्या खाली, चार-पाच सेकंदांची बिनआवाजी क्लिप टाकायची. सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त उपयोग याच प्रकाराचा होतो आणि व्हिडिओ की लेख या भांडणात त्याचीच आठवण कुणाला राहत नाही.

तासांचा हिशोब

असा एक लेख नव्याने लिहायला सहा तास धरू: लेखन तीन, फोटो दीड, तपासणी आणि मांडणी दीड. त्याच विषयाच्या सहा मिनिटांच्या व्हिडिओला स्क्रिप्ट दीड तास, मांडामांड आणि उजेड एक, शूट अडीच, एडिटिंग सहा, कॅप्शन एक, थंबनेल-वर्णन-चॅप्टर अर्धा. एकूण साडेबारा. नवख्या माणसाने एका तयार मिनिटाला एक तास एडिटिंग धरावं. हात बसल्यावर हे कमी होतं, पण अर्ध्याच्या खाली क्वचितच जातं.

आठवड्याला आठ तासांत साठही लेखांचे व्हिडिओ करायचे तर ७५० तास लागतील, म्हणजे जवळजवळ चौऱ्याण्णव आठवडे, आणि तोवर नवं काही लिहिणं बंद. सहाच करायचे तर ७५ तास, साडेनऊ आठवडे. क्लिपचा हिशोब वेगळा: मांडामांड एकदाच करून एका बैठकीत आठ-दहा उरकतात.

स्क्रिप्ट: लेख वाचून दाखवायचा नाही

१४०० शब्दांचा लेख तसाच बोलला तर किती वेळ जाईल? शांतपणे समजावून सांगताना मराठीत मिनिटाला ११०–१२० शब्द धरून चाला. स्वतःचा वेग एक पान मोठ्याने वाचून घड्याळावर तपासा. म्हणजे जवळपास बारा मिनिटं. पण लेखातले निम्मे शब्द ‘डिरेलरच्या मागच्या बाजूला, खालून दुसरा’ असली जागा सांगण्यात गेलेले असतात. कॅमेरा ती जागा दाखवतोच. ते काढले, आकडे काढले, की ६५० शब्द उरतात. साडेपाच ते सहा मिनिटं.

स्क्रिप्ट दोन रकान्यांत लिहायची: डावीकडे काय दिसतंय, उजवीकडे काय बोलायचं. डावा रकाना रिकामा राहिला असेल तर ते वाक्य लेखाचं आहे, व्हिडिओचं नाही. ही कसोटी सहसा चुकत नाही.

चेहरा दाखवायची गरज नाही. फक्त हात आणि सायकल शूट करायची, आवाज नंतर वेगळा रेकॉर्ड करायचा. बोलताना अडखळलं तर पूर्ण शॉट पुन्हा घ्यावा लागत नाही, आणि पुढे एखादं वाक्य बदलायचं झालं तर मूळ चित्र तसंच वापरता येतं.

शूट

सायकल स्टँडवर, सरळ उभी. उलटी ठेवलेल्या सायकलीवर गिअर जुळवता येतात, पण बघणाऱ्याच्या डोक्यात वर-खाली आणि डावं-उजवं यांचा घोळ होतो. फोन ट्रायपॉडवर, लेन्स मागच्या ॲक्सलच्या उंचीला, चाकाच्या मागे आणि थोडा चेनच्या बाजूला सरकवलेला. पुली चकतीखाली रेषेत आहे की नाही हे याच कोनातून कळतं. बाजूने घेतलेल्या शॉटमध्ये कधीच कळत नाही. फोनला दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरून अर्धा-पाऊण मीटर लांब बसायचं. मुख्य रुंद लेन्स जवळ नेली तर चकत्या फुगल्यासारख्या दिसतात, वर हातांची सावली पडते.

काळी चेन, काळा डिरेलर, मागे काळोखी भिंत: हा नवख्या दुरुस्ती-व्हिडिओंचा ठरलेला घोटाळा. सायकलीच्या पलीकडे मोठा पांढरा पुठ्ठा उभा करा आणि दिवा चेनच्या बाजूने, थोडा खालून मारा. एक्स्पोजर आणि फोकस दोन्ही कुलूपबंद. नाहीतर प्रत्येक वेळी हात आत आला की फोन बोटांवर फोकस करतो आणि पांढरा पुठ्ठा राखाडी होतो.

शटरचं गणित घरच्या विजेवर अवलंबून असतं. ५० हर्ट्झची वीज असेल तिथे सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०. ६० हर्ट्झला ३० फ्रेम आणि १/६०. हे जुळलं नाही तर दिव्याचे आडवे पट्टे चित्रावर सरकत राहतात आणि एडिटिंगमध्ये ते नीट जात नाहीत.

शूट ४के मध्ये करा, प्रकाशित १०८०पी मध्ये. लांबी-रुंदीला दुप्पट पिक्सेल असल्याने एडिटिंगमध्ये चित्र दुप्पट मोठं करून क्लोज-अप काढता येतो, म्हणजे एका शॉटमधून दोन मिळतात. एचईव्हीसी या कमी जागा घेणाऱ्या फॉरमॅटमध्ये हे मिनिटाला सुमारे १७० एमबी खातं. चाळीस मिनिटांचं कच्चं शूट ६.८ जीबी होईल; आधी फोनमध्ये जागा करा.

पुढचा, सेल्फीचा कॅमेरा वापरू नका. काही फोन त्यातलं चित्र आरशासारखं उलटं साठवतात. चेन डाव्या बाजूला गेलेली दिसते, ते एक वेळ हसण्यावारी नेता येईल. पण स्क्रूची दिशाही उलटी होते, आणि तुमचा व्हिडिओ पाहून घट्ट करणारा माणूस प्रत्यक्षात सैल करत बसतो.

शूटचा क्रम कामाच्या क्रमापेक्षा वेगळा ठेवावा. बिघडलेली अवस्था आधी शूट करायची: बॅरल मुद्दाम दोन फेरे आत फिरवून केबल सैल करायची, खटका दाबायचा, चेनची कुरकुर आणि रखडणं नोंदवायचं. मग पाव-पाव फेऱ्याने सुधारत जायचं आणि प्रत्येक टप्प्यावर तोच खटका, तीच चकती, क्रँकचा तोच वेग. गिअर एकदा जुळल्यावर पुन्हा बिघडवून शूट केला तर आधीची आणि नंतरची चित्रं जुळत नाहीत. एल स्क्रू सैल असल्याचा परिणाम मात्र चाक फिरवून दाखवायचा नाही. चाक थांबवून डिरेलर हाताने हळू आत ढकलायचा. फिरत्या चाकात चेन स्पोकमध्ये गेली तर डिरेलर मोडतो, हँगर वाकतो आणि शूट तिथेच संपतं. बोटं चेन आणि चकतीच्या मध्ये नाहीत, डिस्क ब्रेकच्या फिरत्या डिस्कजवळ नाहीत, हे प्रत्येक टेकच्या आधी पाहायचं.

आवाज

या व्हिडिओत चित्राइतकाच आवाज महत्त्वाचा, आणि तोच सगळ्यात सहज हातचा जातो. फोनमधली, वायरलेस माइकमधली आणि एडिटिंग ॲपमधली नॉइज कमी करण्याची सोय सतत चालणारा बारीक आवाज गोंगाट समजून पुसून टाकते. चेनची कुरकुर म्हणजे नेमका तसाच आवाज! मग व्हिडिओत बिघडलेला गिअर आणि जुळलेला गिअर सारखेच शांत ऐकू येतात आणि बघणाऱ्याला काहीच कळत नाही. ही सोय शूटच्या वेळी बंद ठेवा. माइक कॅसेटपासून (मागच्या चकत्यांच्या संचापासून) एका हाताच्या आत, पण हवा लागणार नाही असा. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील.

निवेदन वेगळ्या ट्रॅकवर. चेन ऐकवायची तिथे निवेदन पूर्ण थांबवायचं, निदान चार सेकंद. ही शांतता एडिट करणाऱ्याला खटकते, बघणाऱ्याला हवी असते. तयार व्हिडिओचा एकूण आवाज उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाच्या मापाच्या) जवळ ठेवा. त्याहून मोठा असेल तर यूट्यूब तो खाली आणतं; हळू असेल तर वाढवून देत नाही.

अपलोड

१०८०पी आणि ३० फ्रेमपर्यंतच्या व्हिडिओला यूट्यूब ८ एमबीपीएस बिटरेट सुचवतं. म्हणजे सेकंदाला एक एमबी. सहा मिनिटांची फाइल ३६० एमबीच्या आसपास. फाइल याच्या पाव आकाराची निघाली तर चेनच्या कड्या चौकटी-चौकटींच्या दिसतील.

चॅप्टर घालायचेच, आणि ते लक्षणांवरून. ‘एच स्क्रू’ असं न लिहिता ‘चेन लहान चकतीवर उतरत नाही’ असं लिहा. पहिली वेळ ०:०० असावी लागते, एकूण निदान तीन ठिकाणच्या वेळा द्याव्या लागतात आणि प्रत्येक चॅप्टर किमान दहा सेकंदांचा लागतो. यातलं एक चुकलं तरी चॅप्टर दिसतच नाहीत. पहिल्या चॅप्टरचं नाव ‘आधी हँगर तपासा’, म्हणजे निदान नावावरून तरी नजर फिरेल.

कॅप्शनसाठी स्क्रिप्ट तयारच असते. तीच वेळेवर बसवून एसआरटी फाइल (वेळांसह कॅप्शनची साधी मजकूर फाइल) करायची. यंत्राने ऐकून लिहिलेल्या कॅप्शनमध्ये डिरेलर, निपल, हेडसेट असले शब्द हमखास बिघडतात. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांत आवाजासह आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला कॅप्शन असणं अगदी पहिल्या, ‘ए’ पातळीवरच धरलेलं आहे. या व्हिडिओत त्याबरोबर ‘(चेनची कुरकुर)’, ‘(आवाज थांबला)’ असंही लिहायचं. ज्याला ऐकू येत नाही त्याला निवेदनापेक्षा हेच जास्त लागतं.

चूक निघाली तर

समजा, हँडलच्या स्टेमच्या (हँडल पकडून ठेवणाऱ्या भागाच्या) पुढच्या बोल्टला ५ न्यूटन-मीटरऐवजी तोंडातून १२ गेलं. १२ ते १४ हा आकडा काही क्रँकच्या पिंच बोल्टचा (क्रँक आसावर आवळणाऱ्या बोल्टचा) आहे, तोच डोक्यात बसलेला असतो. कार्बनच्या हँडलला हे महागात पडतं.

लेखात ही चूक मिनिटात सुधारते, खाली दुरुस्तीची तारीख टाकली की झालं. यूट्यूबवर मात्र त्याच लिंकवर नवी फाइल चढवता येत नाही. वर्णनात, कॅप्शनमध्ये दुरुस्ती लिहिता येते. तिथल्या एडिटरने तेवढा तुकडा कापता येतो. पण तो तुकडा कापला की मागचं-पुढचं वाक्य लटकतं. नवा व्हिडिओ चढवला तर लिंक नवी, आणि जुन्या व्हिडिओला मिळालेले प्रेक्षक, त्याचे तास सगळं शून्यावर.

म्हणून नियम सोपा: आकडे बोलायचे नाहीत. व्हिडिओत फक्त ‘टॉर्कचा आकडा भागावरच छापलेला असतो, तो पाहा’ असं म्हणायचं आणि बोल्टजवळ छापलेला आकडा क्लोज-अपमध्ये दाखवायचा. तक्ता लेखात. बी स्क्रूचं अंतरही असंच. ते डिरेलरगणिक बदलतं, म्हणून ते लेखाचं काम. विजेवर चालणारे गिअर आले तसे या व्हिडिओतले केबलचे भाग काही सायकलींना लागूच राहिले नाहीत. लेखात वर एक ओळ टाकली की भागतं. व्हिडिओत ती ओळ पहिल्यापासून हवी: ‘हे केबलच्या गिअरसाठी आहे.’

मूळ फाइल आणि एडिटचा प्रोजेक्ट स्वतःकडे ठेवायचा, दोन ठिकाणी. गुगल व्हिडिओ २०१२ मध्ये बंद झालं, ब्लिप २०१५ मध्ये. मजकुराची प्रत कुठेही हलवता येते. दुसऱ्याच्या जागेवर ठेवलेल्या आणि मूळ प्रत हरवलेल्या व्हिडिओचं तसं नाही.

पैशाचा भाग

याला फार जागा द्यायची गरज नाही. यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा मिळायला १००० सदस्य आणि गेल्या ३६५ दिवसांत ४००० तास पाहिलेलं असावं लागतं. दुसरा मार्ग ९० दिवसांत शॉर्ट्सच्या एक कोटी व्ह्यूजचा. सहा मिनिटांचा व्हिडिओ सरासरी अडीच मिनिटं पाहिला जातो असं धरलं तर ४००० तासांसाठी ९६ हजार व्ह्यूज लागतील. सहा व्हिडिओंच्या जोरावर एका वर्षात हे गाठायचं म्हणजे प्रत्येकाला सोळा हजार. यावर घरखर्चाचं गणित मांडू नये.

आठ मिनिटांच्या वरच्या व्हिडिओत मध्ये जाहिरात टाकता येते, म्हणून सहाचे आठ करायचा मोह होतो. ओळख लांबवायची, शेवटी आढावा घ्यायचा. दुरुस्तीच्या व्हिडिओत ही दोन मिनिटं सरळ सरळ वाचकाच्या खिशातून काढलेली आहेत.

लेखात काय बदलतं

व्हिडिओ झाला म्हणून लेख काढून टाकायचा नाही आणि छाटायचाही नाही. वर तीन रकान्यांचा तक्ता, मग व्हिडिओ, मग पायऱ्या, शेवटी आकडे. प्रत्येक पायरीजवळ व्हिडिओतल्या त्या क्षणाची लिंक द्यायची. लिंकच्या शेवटी सेकंदांचा आकडा जोडला की व्हिडिओ तिथूनच सुरू होतो.

यूट्यूबचा प्लेअर पानात थेट बसवला तर कुणी प्ले दाबायच्या आधीच पान जड होतं. म्हणून आधी फक्त थंबनेलचं चित्र दाखवायचं आणि दाबल्यावर प्लेअर उघडायचा. शोधाबद्दल एक गैरसमजही इथे दूर करायला हवा. डिसेंबर २०२३ पासून गुगलच्या व्हिडिओ टॅबमध्ये व्हिडिओ हाच मुख्य मजकूर असलेलीच पानं येतात. लेखात व्हिडिओ बसवला म्हणून ते पान तिथे दिसणार नाही. लेख लेख म्हणूनच सापडेल, व्हिडिओ यूट्यूबच्या पानावरून. दोघांची शीर्षकंही म्हणून वेगळी ठेवलेली बरी.

बिनआवाजी क्लिपसाठी जिफ वापरू नका. २५६ रंगांत काळी चेन काळ्या डागासारखी दिसते आणि फाइलही एमपी४ पेक्षा कितीतरी मोठी होते. ७२०पी, आवाजाचा ट्रॅक काढून टाकलेला, चार-पाच सेकंद, एक एमबीच्या आत. आपोआप फिरत राहणारी क्लिप असेल तर थांबवायचं बटण द्या. पाच सेकंदांहून जास्त वेळ आपोआप हलणारी गोष्ट थांबवता यायला हवी, असं डब्ल्यूसीएजीही सांगतं. शेजारी हलणारं चाक असेल तर वाचणाऱ्याची ओळ खरोखरच सुटते.

पहिल्या व्हिडिओनंतर

दुसऱ्या व्हिडिओला हात घालण्याआधी पहिल्याचा रिटेन्शनचा आलेख, म्हणजे कुठल्या क्षणाला किती लोक बघत राहिले ते, बघायचा. पहिल्या तीस सेकंदांत मोठी घसरण असेल तर सुरुवात पाल्हाळाची झाली. पुढच्या व्हिडिओत थेट बिघडलेल्या गिअरच्या आवाजाने सुरू करायचं. मध्ये कुठे रेषा वर उचललेली दिसली तर तिथे लोक मागे जाऊन पुन्हा बघत आहेत. या व्हिडिओत ती जागा बहुधा बॅरलची असेल. तेवढा तुकडा कापून, आवाज काढून, क्लिप म्हणून लेखातल्या त्या वाक्याखाली लावायचा.

उंचवटा हँगरच्या भागात निघाला, तर गोष्ट वेगळी. मग लोकांची अडचण गिअर जुळवण्याची नव्हतीच, बिघाड ओळखण्याची होती, आणि पुढचे साडेबारा तास पुढच्या गिअरच्या व्हिडिओवर न घालता हँगर तपासण्याचा एक स्वतंत्र, दोन मिनिटांचा व्हिडिओ आणि लेखातला तक्ता आणखी तपशिलात करण्यावर घालायचे.